वाटीत उरलेलं पेट्रोल

सिरॅक्यूजला पहिला मोठा बर्फ बहुतेक वेळा दिवाळीचा फराळ संपता संपता येतो. ऑन्टॅरिओ सरोवराच्या पाण्यात तेव्हा उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. उत्तरेकडून आलेला गार वारा त्या पाण्यावरून जाताना वाफ उचलतो आणि काठाच्या गावांवर ती बर्फाच्या रूपाने रिती करतो. वर्षाची सरासरी सव्वाशे इंचांच्या घरात. १९९२-९३ च्या हिवाळ्यात तर १९२ इंच पडला होता, म्हणजे सोळा फूट. न्यूयॉर्क राज्याच्या या वरच्या भागातल्या पाच शहरांत दर हिवाळ्यात सगळ्यात जास्त बर्फ कुठे पडला याची मोजदाद होते, त्यासाठी 'गोल्डन स्नोबॉल' नावाचा मान आहे, आणि तो पटकावायची सिरॅक्यूजला सवय आहे.

आकाशातून पडतो तो बर्फ खरं तर हलका असतो. खरी अडचण होते ती सकाळी नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करून गेल्यावर. जाता जाता तो रस्त्यावरचा सगळा राडा प्रत्येक ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटून देतो. मीठ, पाणी आणि दाबलेला बर्फ यांचा गुडघाभर बांध. फावडं त्यात शिरत नाही, शिरलं तर उचलवत नाही. म्हणून इथे घरोघरी गॅरेजच्या कोपऱ्यात स्नो ब्लोअर उभा असतो. समोर फिरणारी मळसूत्री पाती बर्फ कुरतडून आत ओढतात, मागचा पंखा तो उचलतो आणि वरच्या वळत्या नळकांड्यातून वीस-तीस फूट लांब फेकतो.

आमच्याकडचं यंत्र वीस वर्षांहून जुनं आहे, घराबरोबरच मिळालेलं. तीन हिवाळे त्याने निमूट काम केलं. चौथ्या वर्षी, पहिल्याच बर्फाच्या सकाळी, दोरी ओढल्यावर ते सुरू झालं, पण चोक ओढलेला असेपर्यंतच. चोक आत ढकलला की दोन गचके देऊन बंद. अर्ध्या चोकवर ठेवलं तर चालायचं, पण आवाज एका पट्टीत राहायचा नाही. वर चढायचा, खाली यायचा, पुन्हा चढायचा. धाप लागलेल्या माणसासारखा. बर्फाला लावलं की मान टाकायचं.

मी चिंचवडला बाबांना फोन केला. त्यांनी तीस वर्षं स्कूटर-मोटारसायकलचं गॅरेज चालवलं. बर्फ त्यांनी फक्त फोटोत पाहिला आहे, पण फोनवर तो आवाज ऐकवला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "उन्हाळ्यात टाकी रिकामी केली होतीस का गं?"

केली नव्हती.

"मग कार्बुरेटर चोकअप झालाय. प्लग काढून बघ आधी. कोरडा असला तर पेट्रोल पोचत नाहीये, ओला असला तर वेगळी भानगड."

प्लग कोरडा होता.

स्नो ब्लोअरचा इतिहास तसा बर्फाळ देशांचाच आहे. कॅनडातल्या रॉबर्ट कार हॅरिस यांनी १८७० मध्ये रेल्वेचे रूळ मोकळे करणाऱ्या मळसूत्री यंत्राचं पेटंट घेतलं. क्यूबेकचे आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये ट्रकवर बसवलेला स्नो ब्लोअर तयार केला आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियलला लागून असलेल्या आउटरमॉन्ट गावाने तो विकत घेतला. शेतावरचं मळणी यंत्र बघून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. ओंब्या आत, भुसा बाहेर; इथे दोन्ही बर्फच. माणसाने मागे चालत ढकलायचं घरगुती यंत्र मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचं. टोरो कंपनीने ते पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आणलं, आणि १९६० मध्ये विस्कॉन्सिनच्या ब्रिलियन गावातल्या एरियन्सने पाती आणि पंखा असा दोन टप्प्यांचा ब्लोअर बाजारात उतरवला. पुढची कित्येक वर्षं अशा यंत्रांवर टेकम्सी कंपनीचं 'स्नो किंग' इंजिन बसत असे. टेकम्सीने २००८ च्या सुमारास ही इंजिनं बनवणं बंद केलं, पण गल्लोगल्ली ती अजून धडधडतात. आमचंही त्यातलंच.

आणि त्या इंजिनाच्या कुशीत, मुठीत मावेल एवढा कार्बुरेटर.

डास मारायचा फ्लिटचा पंप ज्यांनी हाताळला आहे त्यांना कार्बुरेटर समजावून सांगायची गरज नाही. दांडा ढकलला की हवेचा झोत एका बारीक नळीच्या तोंडावरून जातो. झोत वेगाने गेला की तिथला दाब कमी होतो आणि डब्यातलं औषध आपोआप नळीतून वर चढून फवाऱ्यासारखं उडतं. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांनी अरुंद गळ्यातून जाणाऱ्या प्रवाहाचं हे वागणं १७९७ मध्ये मांडलं, म्हणून कार्बुरेटरच्या त्या अरुंद गळ्याला आजही त्यांचंच नाव आहे. १८९३ मध्ये बुडापेस्टला दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी फवाऱ्याच्या कार्बुरेटरचं पेटंट घेतलं. रस्त्यात एक फूलवाली तोंडाने फुंकर मारून फुलांवर पाण्याचा फवारा उडवत होती, ते पाहून त्यांना हे सुचलं अशी गोष्ट सांगितली जाते.

तर वर गळा, आणि त्याच्या खाली लटकलेली एक वाटी. वाटीत चार-पाच चमचे पेट्रोल. त्यावर तरंगणारा फ्लोट, अगदी गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. पेट्रोल वापरलं गेलं की फ्लोट खाली येतो, सुई सरकते, टाकीतून नवं पेट्रोल येतं. वाटी भरली की सुई भोक बंद करते. वाटीच्या तळाशी मेन जेट, म्हणजे नेमक्या मापाचं एक भोक. इंजिनाला वजनाने साधारण एक भाग पेट्रोलला पावणेपंधरा भाग हवा लागते, आणि हे गणित कुठलाही संगणक नसताना ते एक भोक सांभाळतं. ते केसाएवढं जरी अरुंद झालं तरी गणित बिघडतं.

एवढं कळलं की यंत्राची तक्रार भाषेसारखी वाचता येते. चोक म्हणजे गळ्याच्या तोंडाशी असलेली झडप. ती लावली की हवा अडते, आतली ओढ वाढते आणि जास्त पेट्रोल खेचलं जातं. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरू करताना तेवढं लागतं. पण इंजिन तापल्यावरही चोकशिवाय चालत नसेल, तर त्याचा अर्थ एकच: जेटमधून पेट्रोल कमी येतंय, आणि हवा अडवून आपण ती तूट भरून काढतोय. आवाज वरखाली होतो तोही त्याच कारणाने. पेट्रोल कमी पडून वेग उतरतो, वेग सांभाळणारा गव्हर्नर थ्रॉटल, म्हणजे गळ्यातली दुसरी झडप, उघडतो, वेग चढतो, गव्हर्नर पुन्हा आवरता घेतो. बिचारा आपलं काम चोख करत असतो. त्याला लागणारा माल मात्र खालून पोचत नाही.

आता पेट्रोलबद्दल. आपण पेट्रोलला खनिज समजतो आणि खनिज काही नासत नाही असं मनात धरून चालतो. पेट्रोल नासतं. त्यातले हलके, चटकन पेट घेणारे घटक आधी उडून जातात. उरलेल्याचा हवेशी संयोग होत राहतो आणि त्याचा आधी पिवळट, मग मधासारखा, शेवटी वार्निशसारखा कडक थर बनतो. टाकीत काही लिटर असतात तिथे हे हळू घडतं. वाटीतल्या चार चमच्यांना मात्र एक उन्हाळा पुरेसा होतो. शिवाय इथल्या बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. २००५ च्या ऊर्जा कायद्यानंतर ते देशभर रुळलं, आणि ते येतं मुख्यतः मक्यापासून. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. हवेतली ओल ते शोषून घेतं, आणि मर्यादेबाहेर पाणी झालं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. वाटीच्या तळाशी, म्हणजे बरोबर जेटपाशी. तिथे पत्रा गंजतो आणि मिश्रधातूवर पांढरी पूड धरते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेल्यावर काय होतं ते सांगायला नको, हे तसंच.

माझी तक्रार इथेनॉलबद्दल नाही. ते महाराष्ट्रात उसापासून होतं, त्यावर कारखाने आणि शेतकरी उभे आहेत, आणि भारतात आता वीस टक्क्यांचं मिश्रण आलं आहे. रोज फिरणाऱ्या गाडीची टाकी आठवड्यात संपते. तिथे काही नासायला सवडच मिळत नाही. धोका आहे तो झोपून राहणाऱ्या यंत्रांना. सिरॅक्यूजचा स्नो ब्लोअर एप्रिल ते नोव्हेंबर झोपतो. कोकणातल्या बागेतला गवत कापायचा ब्रश कटर पावसाळ्यानंतर झोपतो, द्राक्षबागेतला फवारणी पंप हंगाम संपला की झोपतो. या यंत्रांचे कार्बुरेटर वापरून झिजण्याआधी पडून पडून मरतात.

मी आधी काम तळघरात करायचं ठरवलं होतं, कारण तिथे ऊब असते. बाबांनी नाही, शेजारच्या आजोबांनी मला अडवलं. तळघरात पाणी तापवायचा गॅसचा बंब आहे, त्याची ज्योत आहे, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत थेट तिथे पोचते. तेव्हा गॅरेजमध्येच, दार अर्धं उघडून, उणे आठ अंशांत, बोटं उघडी असलेले हातमोजे घालून बसले. आधी प्लगची वायर काढून बाजूला अडकवली. पेट्रोलची तोटी बंद केली, टाकी डब्यात रिकामी केली. त्या पेट्रोलला पेट्रोलचा वास नव्हता, जुन्या रंगाच्या डब्याचा होता.

स्नो ब्लोअरच्या इंजिनाला एअर फिल्टर नसतो. पहिल्यांदा उघडणाऱ्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, पण ते मुद्दाम आहे. उडणारा बर्फाचा भुगा फिल्टरवर बसून गोठला तर इंजिनाचा श्वासच कोंडेल. आणि बर्फात धूळ कुठून येणार! फिल्टरऐवजी कार्बुरेटरवर पत्र्याची एक पेटी असते. ती इंजिनाची ऊब धरून ठेवते, म्हणजे गळ्यात बर्फ धरत नाही. चोकची मूठ ओढून काढली, किल्ली काढली, चार स्क्रू सोडले, पेटी बाहेर आली. आतून कार्बुरेटर दिसला. गव्हर्नरची एक तार आणि एक नाजूक स्प्रिंग थ्रॉटलच्या पट्टीत अडकवलेली असते, आणि त्या पट्टीला शेजारी शेजारी भोकं असतात. कुठली तार कुठल्या भोकात हे आठवेल असं कुणालाही वाटतं. आठवत नाही. मी दोन बाजूंनी फोटो काढले, आणि संध्याकाळी त्याच फोटोंनी सोडवलं.

वाटी एका पितळी बोल्टवर टांगलेली असते. तो सोडला, वाटी हातात आली. तळाला तपकिरी, काचेसारखा थर. नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले. एका बाजूला गंजाची चंद्रकोर. फ्लोटची पिन सरकवली, फ्लोटबरोबर सुई निघाली. वाटी, फ्लोट, गळा सगळं स्वच्छ केलं, कार्ब क्लीनरचा फवारा प्रत्येक भोकात मारला. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण एका भोकात मारलेला फवारा भलत्याच भोकातून थेट डोळ्यात येतो. तो तसा यायलाच हवा. मार्ग मोकळा असल्याची खूण तीच. सगळं पुसून, जोडून, थोडं पेट्रोल घालून दोरी ओढली. आजार होता तसाच.

रात्री बाबांनी विचारलं, "मेन जेट कुठंय?"

मला जेट सापडलाच नव्हता. चेतक स्कूटरच्या कार्बुरेटरमध्ये जेट वेगळा, स्क्रू ड्रायव्हरने निघणारा असतो; मी तसं काही शोधत होते. या इंजिनांत जेट म्हणजे तो वाटीचा बोल्टच. ज्याला मी नुसतं पुसून बाजूला ठेवलं होतं, तोच आतून पोकळ आहे आणि पेट्रोल त्याच्यातूनच वर चढतं. दुसऱ्या दिवशी तो दिव्याकडे धरला. तळाच्या टोकाशी एक भोक, त्यातून प्रकाशाचा ठिपका दिसायला हवा होता; दिसला एक अंधूक, वाकडा बिंदू. आणि वरच्या आट्यांच्या जवळ, खोबणीत, आडवं मारलेलं आणखी एक भोक, इतकं बारीक की बोल्ट बोटांत हळूहळू फिरवावा तेव्हा सापडतं. ते पूर्ण बुजलेलं होतं. इंजिन मंद चालताना लागणारं पेट्रोल त्या भोकातून जातं.

इथे घाई करणारे ड्रिलचं बारीक पातं घालतात. ते कधीही करू नये. पितळ मऊ असतं. माप एकदा वाढलं की ते परत कमी होत नाही, मग इंजिन जन्मभर काळा धूर ओकतं. मी विजेच्या जुन्या वायरीतली तांब्याची एकच तार घेतली आणि बोल्ट क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्यावर ती अलगद आतबाहेर केली. आधी तार वाकली. पुन्हा भिजवलं. मग एकाएकी ती पार गेली, टोकावर तिळाएवढा काळा गुठळा घेऊन. दिव्यासमोर धरलं तर दोन्ही भोकांत स्वच्छ गोल उजेड.

जोडताना माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगायला हवी. सुई ज्यावर बसते ती रबराची चकती जुनी झाली म्हणून मी दुरुस्तीच्या किटमधली नवी घातली. तिच्या एका बाजूला खोबण असते, दुसरी बाजू सपाट. खोबणीची बाजू आत, सपाट बाजू सुईकडे. मी उलटी बसवली. तोटी उघडली आणि दहा मिनिटांत कार्बुरेटरखाली पेट्रोलचं थारोळं. ते खाली सांडलं म्हणून दिसलं. तसं न होता गळ्यातून सिलिंडरमध्ये आणि तिथून खाली तेलात उतरलं असतं तर तेल पातळ होऊन इंजिनच बसलं असतं. सुई गळते अशी शंका आली तरी तेलाची पट्टी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर आधी तेल बदलायचं, मग पुढचं सगळं. चकती सरळ बसवली, गळती थांबली.

मग नवा कार्बुरेटर घ्यावा की नाही? हा प्रश्न मला आता गल्लीतले लोक विचारतात. वीस-पंचवीस डॉलरला चिनी बनावटीचा अख्खा कार्बुरेटर, गॅस्केटसकट, दोन दिवसांत दारात येतो. दुकानात यंत्र नेलं तर नुसती मजुरीच त्याच्या कित्येक पट होते. तेव्हा नवा घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. वाटी गंजून भोक पडलं असेल, आतल्या मार्गांत पांढरी पूड रुतून बसली असेल, थ्रॉटलचा दांडा झिजून हलत असेल आणि तिथून हवा आत शिरत असेल, तर साफसफाईत वेळ घालवू नये, सरळ बदलावा. फक्त जुना लगेच फेकू नये. नव्याचा चोकचा दांडा जुन्या मुठीत बसत नाही, पेट्रोलच्या नळीचं तोंड भलत्या दिशेला असतं, गॅस्केटची भोकं जुळत नाहीत, असं होतं. आणि काही वेळा जेटच किंचित लहान निघतो आणि नवा कोरा कार्बुरेटर पहिल्या दिवसापासून धाप टाकतो. त्या वेळी जुन्याचे भाग उपयोगी पडतात.

पण निव्वळ घाण साचली असेल तर एकदा तरी स्वतः उघडून साफ करावा असं माझं ठाम मत आहे. बदलणाऱ्याला बिघाड कुठे होता ते कळतच नाही. तो पुढच्या एप्रिलमध्येही वाटीत पेट्रोल ठेवून यंत्र कोपऱ्यात लावतो, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा नवा मागवतो. आमच्या समोरच्या घरात चार वर्षांत तीन झाले.

बाबांच्या गॅरेजमध्ये लहानपणी एका ताटलीत रॉकेल असायचं आणि त्यात जेट, सुया, पिना बुडालेल्या असायच्या. सकाळी चालू होत नसलेली चेतक लोक आडवी कलती करून, पुन्हा उभी करून किक मारायचे. ती चालू व्हायचीही, आणि मग आठ दिवसांनी गॅरेजला यायची. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे नियम आले, दुचाकी फ्यूएल इंजेक्शनवर गेल्या, आणि ती ताटली कोरडी पडली. बाबांच्या हाताखाली शिकलेली मुलं आता सेन्सर तपासतात, आणि ते कामही तितक्याच कसबाचं आहे. पण जेट उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायची बाबांची ती लकब मला वाटलं होतं संपली. ती मला सात समुद्रांपलीकडे, बर्फात, एका बोल्टमुळे परत मिळाली.

तिसऱ्या दिवशी ताजं पेट्रोल घातलं, यंत्र गॅरेजबाहेर काढलं, कारण बंद जागेत धूर कोंडून जीव जातो. सुरुवातीचं पेट्रोल पुढे सारणारा प्रायमर तीनदा दाबला, चोक ओढला, दोरी ओढली. इंजिन लागलं. चोक अर्धा केला, मग पूर्ण आत ढकलला. आवाज एका पट्टीत राहिला. ड्राइव्हवेच्या तोंडाशी तीन दिवसांचा बांध दगड झाला होता. पात्यांनी तो धरला, इंजिन किंचित वाकलं, गव्हर्नरने सावरलं आणि पहिला करडा पट्टा कुंपणापलीकडे जाऊन पडला. फोन खिशात चालू होता. बाबा पलीकडून काहीच बोलले नाहीत, ऐकत होते.

आता दर एप्रिलमध्ये, शेवटचा बर्फ वितळून गवत दिसायला लागलं की, टाकी रिकामी करून तोटी बंद करते आणि इंजिन चालू करून शेजारी उभी राहते. वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत ते चालतं; शेवटी आवाज चढतो, दोनदा अडखळतो आणि थांबतो. मग खाली वाकून वाटीचा बोल्ट जरा सैल करते. राहिलेले सात-आठ थेंब फडक्यावर पडतात.